पाहुण्यांनी बसून राहायचं

'प्रेस्बिटेरियन' हा शब्द मी आठवडाभर गोठ्यात म्हशीसमोर घोकला. शेवटी म्हैस शिकली, मी नाही. लेकीनं लग्न केलं तो मुलगा मिझोरामचा, हिंजवडीत नोकरीला, आणि ख्रिस्ती लोकांच्या ह्या पंथातला. त्या लग्नानंतर आमच्या मालकांनी घरात तिचा विषयच बंद केला. भिंतीवरच्या पालीलासुद्धा चुकचुकायची परवानगी नव्हती. नातू झाला, तेही मला शेजारणीच्या मोबाईलवर कळलं. मग त्याच मोबाईलवर लेकीचा निरोप आला : रविवारी बाळाचा बाप्तिस्मा आहे, यायचं तर ये.

मला दुसरं काही नको होतं. पोरगं एकदा मांडीवर घ्यायचं, बास. घरी सांगितलं, भूगावला दात काढायला चालले. आणि आमच्या रिहे गावाहून निघून हिंजवडीजवळची मारुंजी गाठली.

चर्च म्हणजे टाईल्सच्या दुकानावरचा भाड्याचा हॉल. मी सवयीनं दाराबाहेर चपला काढल्या. आत बघते तर सगळ्यांच्या पायांत बूट! एसी असा, की तिथं धार काढली असती तर बादलीत कुल्फीच पडली असती. ना घंटा, ना मूर्ती, ना मेणबत्ती. एक साधं टेबल, पाण्याचं भांडं आणि ओळीनं खुर्च्या. दारावर नगरकडचे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांनी हात जोडले.

"या मावशी. पहिल्यांदाच आलात?"

"व्हय. हितं काय काय करावं लागतं?"

"काही नाही. बाकीचे उठले तरी पाहुण्यांनी निवांत बसून राहायचं. कुणी काही म्हणणार नाही."

देवाच्या दारात एवढी सूट मला जन्मात मिळाली नव्हती. मधल्या वाटेच्या कडेच्या खुर्चीवर मी ठाण मांडलं. लोक गाण्याला उठले, मी बसले. गाणं मात्र असं खणखणीत, की खालच्या दुकानातल्या टाईल्सना तडे गेले असतील. लोक प्रार्थनेला उठले, मी बसलेलीच. पाळकांचं, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंचं, प्रवचन इतकं चाललं, की तेवढ्यात आमच्या खाचरात लावणी होऊन भात कापून झाला असता.

मग लेक-जावई बाळाला घेऊन पुढं गेले. पाळकांनी ओंजळीतलं पाणी त्याच्या डोक्यावर घातलं. गडी रडला नाही, आमच्याकडचाच तो! पाळक आमच्याकडं वळून इंग्रजीत काहीतरी बोलले आणि अख्खा हॉल उभा राहिला. लेकीनं मान वळवून थेट माझ्याकडं पाहिलं. एवढ्या गर्दीत तिनं मला हेरलं म्हणून मी खुशीत हात हलवला. बसूनच.

शेवटी चहा आणि केक आला. मी लेकीपुढं दोन्ही हात पसरले. तिनं बाळ छातीशी घट्ट धरलं.

"आई, तू उठली न्हाईस."

"कशाला उठायचं?"

"पाळकांनी विचारलं, ह्या लेकराला वाढवायला कोण कोण साथ देणार. जे देणार ते उठले."

"अगं, मला इंग्रजी कुटं कळतंय! त्या दारावरच्यांनी सांगितलं, पाहुण्यांनी बसून..."

"पाव्हणी म्हणून आलीस व्हय?"

रिह्याच्या खोऱ्यात मी हाक मारली की पलीकडच्या डोंगरावरची गुरं माघारी फिरतात. इथं लेक हातभरावर होती. मी पसरलेले हात मागं घेऊन पदराला पुसले. दारावरच्या गृहस्थांना तरी काय बोलणार? परक्या बाईशी जसं गोड वागायचं तसं ते वागले. मी कोण, हे माझ्या कपाळावर थोडंच लिहिलं होतं.

मग फोटोची घाई सुरू झाली. लेकीनं बाळ त्या गृहस्थांच्या बायकोच्या मांडीवर दिलं. बाईचा ना रक्ताचा संबंध, ना गोताचा. पण ती उठली होती. सगळे तिच्याभोवती जमले आणि कुणीतरी माझ्या हातात मोबाईल दिला.

"मावशी, जरा काढता का?"

काढला. बाळ छान हसलंय त्यात. एकाचंही डोकं कापलं नाही मी.