दम कुणाचा संपला

आमच्याकडच्या अंध खेळाडूंच्या संघटनेचे सचिव म्हणजे एक नग होते. खेळाशी त्यांचा संबंध एवढाच, की बक्षीस समारंभात मधल्या खुर्चीवर बसायचं.

मी तेव्हा पाटबंधारे खात्यात कारकून होते. कॉलेजात पळायचे, म्हणून गंगापूर रोडच्या एका मैदानावर रोज सकाळी एका अंध मुलीबरोबर धावायला लागले. ती घोटीकडची, वसतिगृहात राहायची. एकाच वीतभर दोरीचं एक टोक तिच्या बोटांत, एक माझ्या. वळण आलं की मी सांगायचं, बाकी सगळं तिचं. पंधराशे मीटरच्या शेवटच्या फेरीत ती अशी सुटायची की माझीच फे फे उडायची.

दोन वर्षांनी परदेशातल्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली. फायनल गाठायची, हे एकच वेड तिला. आणि सोबत धावणारा म्हणून यादीत नाव आलं सचिवांच्या मेव्हण्याचं! का, तर त्याचा पासपोर्ट तयार होता. पासपोर्ट काय धावणार होता? मेव्हण्याचं पोट त्याच्या आधी मैदानात शिरायचं. सचिव मला म्हणाले, "मॅडम, नुसतं शेजारून तर पळायचंय. खरी पळणार ती." कमाल आहे! ती जेवढ्या जोरात धावेल तेवढाच शेजारचाही धावला पाहिजे, हे ज्याला कळत नाही तो आमचा सचिव.

आणि मी काय केलं? भांडले? छे! भांडले तर तिचंही नाव कापतील म्हणून शेपूट घातलं आणि त्या गृहस्थाला पंधरा दिवस दोरी धरायला शिकवली. आजही सचिवांपेक्षा मला माझीच चीड जास्त येते.

व्हायचं तेच झालं. परत आल्यावर ती म्हणाली, "ताई, दोन राउंड झाले आन् ते लागले धापा टाकायला. मंग मीच वढत आणलं. दोरी सोडता येत नाय ना, सोडली का बाद." फायनलच्या आधीच्या पात्रता शर्यतीतच सगळ्यांत शेवटी. मेव्हण्यानं तिथून परफ्यूमच्या बाटल्या मात्र बॅग भरून आणल्या.

मग सत्कार ठेवला. म्हणजे त्याचाही! पुढच्या वर्षीचा संघ निवडणारे तिघे पहिल्या रांगेत. हार घालून घेऊन मेव्हणा माइकवर म्हणाला, "मुलीचा दम जरा कमी पडला, पण मी साथ सोडली नाही." तिघांनीही माना डोलावल्या. झालं, पुढच्या वर्षीचं तिचं नाव तिथंच पुसलं जाणार होतं.

तेवढ्यात तिनं माइक मागितला. "दम माझा नाय संपला. यांचा संपला. मी यांना वढत आणलं."

मग सगळं सभागृह खो खो हसलं. वर टाळ्या. निवडणाऱ्यांतले एक डोळे पुसत म्हणाले, "काय गोड पोरगी आहे हो! किती विनोदी!" मेव्हण्यानंही हसत तिच्या पाठीवर थाप मारली. थू!

मी तिला धरून जागेवर आणलं. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"ताई, लय हसले लोकं. त्यालाच हसले ना?"

"हो गं," मी म्हणाले. "त्यालाच."