बहुधाशेठ

नारायणगावच्या बाजारात बहुधाशेठांच्या तोंडून सरळ ‘हो’ किंवा सरळ ‘नाही’ असं उत्तर कुणी ऐकलं नव्हतं. पाण्याच्या मोटारी, केबल आणि स्टार्टर विकणाऱ्या माणसाला हे परवडणारं नाही. गिऱ्हाईक विचारायचं, “शेठ, मोटार टिकंल ना?” शेठ चष्मा पुसत म्हणायचे, “बहुधा.” “आवो, हो म्हना की राव!” “हो म्हटलं तर खोटं होईल.” गिऱ्हाईक चिडून समोरच्या दुकानात जायचं, तिथे तोंडभरून दिलेली हमी घ्यायचं आणि मोटार जळली की मुकाट्याने शेठांकडे यायचं. त्यांचं खरं नाव बाजार विसरून गेला होता. त्यांच्या बायकोलाही लोक बहुधाकाकू म्हणत आणि ती बिचारी ओ देत असे.

शेठांच्या पणजोबांनी राजस्थानातून येऊन इथे दुकान थाटलं. शेठ मात्र पुण्याला जाऊन भौतिकशास्त्र शिकले. अजून पुढे शिकायची फार इच्छा होती, पण वडील आजारी पडले आणि ते येऊन गल्ल्यावर बसले. शिकलेलं काही डोक्यातून उतरलं नाही. संध्याकाळी दुकानाच्या काचेत रस्त्यावरचे टोमॅटोचे ट्रक दिसत आणि त्या ट्रकांवर आमचे चेहरेही तरंगत. मी अकरावीला सायन्स घेतलं तेव्हापासून वडिलांबरोबर दुकानात गेले की शेठ मला त्या काचेसमोर उभं करायचे. “बघ पोरी. उजेडाचे कण सगळे सारखे. काही काचेतून पार जातात, काही परत फिरतात. साधारण किती फिरतील ते सांगता येतं; कुठला फिरेल ते कुणी सांगू शकत नाही. आपल्याला कळत नाही म्हणून नव्हे हं. ते ठरलेलंच नसतं.” मागून माझे वडील हळूच म्हणायचे, “शेठ, आमची केबल तेवढी ठरल्यापरमानं द्या.”

वीज वेगळी आणि चुंबक वेगळं, असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. टेबलावरच्या तारेशेजारी होकायंत्र ठेवून ते तार बॅटरीला जोडायचे. सुई वळली की स्वतःच खूश. “अगं, एकच बाई आहे. माहेरी वेगळी दिसते, सासरी वेगळी.” मग त्यांचा आवाज खाली यायचा. ऊन, रेडिओ, मोबाइलची रेंज, खोडदच्या माळावरच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या थाळ्या ताऱ्यांकडून ऐकतात ते, सगळ्या तिच्याच लाटा. “आणि आत्ता, या क्षणी, त्या आपल्यातून चालल्यात,” असं म्हणून ते हाताचा पंजा उजेडात धरायचे. मलाही अंगातून काहीतरी हळू वाहत गेल्यासारखं वाटायचं. केबल मोजून घ्यायला आलेली माणसंसुद्धा तेवढा वेळ घाई करत नसत.

बारावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात वळवाचं आभाळ भरून आलं. पिंपळवंडीच्या आमच्या रानात काढलेल्या कांद्याची आरण, म्हणजे रचलेली रास, उघडी होती. तिच्यावर प्लास्टिकचा कागद टाकायला वडील धावले आणि वीज पडून जागीच गेले.

आभाळ गडगडायला लागलं की आमच्याकडे बायका घरातला विळा अंगणात फेकतात. लोखंड बघून वीज घरच्या माणसांना सोडते, अशी समजूत. त्या दिवशी आई गोठ्यात धार काढत होती आणि विळा फेकायचा राहिला. मातीला आलेल्या एका म्हातारीने सहज विचारलं, “इळा टाकला व्हता का गं?” तेव्हापासून आईने अन्न सोडलं. भिंतीला टेकून बसायची आणि येईल त्याला एकच विचारायची. कुणी ग्रह सांगे, कुणी नशीब. आता हीसुद्धा जाणार, असं मला वाटू लागलं होतं.

एका संध्याकाळी शेठ भेटायला आले. आईने त्यांनाही विचारलं. “शेठ, तुमी इजंचं शिकलेलं. म्या इळा टाकला असता तर वाचले असते का वो?” शेठांचा तो नेहमीचा एक शब्द आला असता तर आई पुन्हा उठली नसती. शेठ तिच्यासमोर खाली जमिनीवर बसले.

“नाही,” ते म्हणाले. “वहिनी, अजिबात नाही.”

आईने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग उठली, आत गेली आणि तिने चहाचं आधण ठेवलं. शेठ ओशाळून म्हणाले, “दिवस मावळला वहिनी. आम्ही जैन, आता पाणीसुद्धा घेत नाही.” आई आतूनच म्हणाली, “मंग सकाळी या.” आणि सकाळी दुकान उघडायच्या आधी शेठ स्कूटरवरून खरंच आले, नुसता चहा प्यायला. त्यांच्याबरोबर आईनेही घेतला, भाकरीचा तुकडा बुडवून.

पुढे कॉलेजात मी भौतिकशास्त्रच घेतलं. खाली येणारी वीज कुठे वळेल हे छातीठोकपणे सांगणारा माणूस अजून जन्मायचाय, हे मला तिथे कळलं. सुट्टीत येऊन मी शेठांना धरलं. “काका, त्या दिवशी इतकं ठाम कसं बोललात?” शेठ चष्मा पुसत राहिले. “चुकलंच माझं,” ते म्हणाले. “पण तुझी आई माझ्याकडे मोटार घ्यायला आली नव्हती गं.” हे आईला सांगायचं नाही, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

गेल्या थंडीत शेठ झोपेतच गेले. वडिलांच्या वेळी मी आईसाठी रडू आवरलं होतं, ते सगळं त्या दिवशी त्यांच्या दारात बाहेर आलं. परतताना एसटीत आई खिडकीशी बसली होती. वारूळवाडी मागे पडल्यावर ती एकदम म्हणाली, “शेठला तरी काय ठावं असनार गं? मोटार चालंल का, ह्ये बी ज्यांना सांगता येत नव्हतं.”

मी दचकून तिच्याकडे पाहिलं. “म्हणजे तुला माहीत होतं? मग उठलीस कशी तेव्हा?”

“त्यो मानूस जल्मात कुनाशी खोटं बोलला न्हाई,” आई म्हणाली. “माज्यासाठी बोलला. मंग म्या काय बसून ऱ्हायचं व्हतं?”