मथुराबाईंचा बोळ

आमच्या सोसायटीत मथुराबाईंना न घाबरणारा एकच प्राणी आहे, तो म्हणजे तळमजल्यावरचं मांजर. बाकी आम्ही सगळे त्यांच्यासमोर जपूनच बोलतो, मी सेक्रेटरी असूनसुद्धा. पुण्याच्या कडेला धायरीत ही इमारत उभी आहे ती जमीन मुळात त्यांची. पहिल्या मजल्यावर त्या मुलाकडे, साईनाथकडे राहतात आणि सकाळी गॅलरीत उभ्या राहून खालच्या पार्किंगवर नजर टाकतात. "हितं माझा गोठा व्हता," असं त्या जिकडे बोट दाखवून म्हणतात, तिथे हल्ली आमच्या चेअरमनांची मोटार असते. त्यांच्या सुरावरून म्हशींचा दर्जा वरचा होता हे लगेच कळतं.

मी नारायण पेठेतून इथे राहायला आले. पेठेत माझं सगळं आयुष्य पायी गेलं, त्यामुळे इथे आल्यावर मी पहिल्या आठवड्यातच चिडले. फूटपाथ आहे, नाही असं नाही. तो चहाच्या टपरीपासून सुरू होतो, मोबाइलच्या दुकानाच्या पाटीला वळसा घालतो, विजेच्या खोक्याला जाऊन धडकतो आणि तिथून पुढे दुचाकीवाल्यांना आंदण दिलेला आहे. मी हे सगळं मथुराबाईंना तावातावाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, तुमचं बरं हाय. तुमाला नुसतं चालायला पायजे. मला हौसाकडं जायचंय."

हौसाबाई म्हणजे त्यांची धाकटी जाऊ. तिचं घर आमच्या मागच्या भिंतीच्या पलीकडे आहे. गच्चीवरून तिचं वाळत घातलेलं लुगडं दिसतं. पण जायचं म्हटलं तर आमच्या फाटकातून बाहेर पडून, मुख्य रस्त्याच्या कडेकडेने, गाड्यांचे आरसे चुकवत, चौक ओलांडून, पुन्हा तेवढंच मागे वळून यावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या बाईला ते मुंबईला जाण्याइतकंच लांब.

असं का झालं, ती गोष्ट जुनी आहे. मथुराबाईंचे यजमान नागोराव आणि त्यांचा धाकटा भाऊ बजरंग यांची शेतं शेजारीशेजारी होती. वाटण्या झाल्या आणि मधला बांध कुणाचा यावरून दोघांची जुंपली. पंच बसले, उठले, चहा पिऊन घरी गेले. शेवटी दोघांनीही शपथ घेतली, की समोरचा चूक कबूल करेपर्यंत बांधावर पाय ठेवायचा नाही, घरच्या कुणी ठेवायचा नाही. कबूल करणार कोण? दोघेही हाडाचे हट्टी. गावातली इतर माणसं मात्र त्या बांधावरून शाळेत, बाजारात, एस.टी.ला खुशाल जात-येत होती.

घर फुटलं तरी जावांचं काही फुटलं नव्हतं. दुपारी माणसं शेतावर असली की मथुराबाई बांधाच्या अलीकडे उभ्या राहत, हौसाबाई पलीकडे. शपथ पायांची होती, हातांची नव्हती. हात लांब करून एक पितळी डबा इकडून तिकडे जाई. आलेला डबा रिकामा परत करायचा नाही ही आपली रीत, त्यामुळे आज इकडून शेंगोळे गेले की उद्या तिकडून सांडगे, परवा इकडून खरवस. डबा कुणाच्याच घरी फार दिवस टिकला नाही. तो मुळात कुणाचा, हे आता दोघींनाही सांगता येत नाही.

पुढे शहर आलं. दोन्ही भावांनी जमिनी दोन वेगळ्या बिल्डरांना दिल्या आणि दोघांनीही एकच अट घातली, सगळं घ्या पण बांध सोडून. बिल्डरांनी कपाळाला हात लावला आणि आपापल्या बाजूने उंच भिंत घातली. मध्ये एक बैल जाईल एवढी पट्टी उरली. तिच्या दोन्ही तोंडांशी बांधकामाचा राडारोडा टाकला गेला, त्यावर कचरा, त्यावर घाणेरीची झुडपं. गावाची पायवाट गेली. नागोराव वारले आणि भांडण तेवढं मागे राहिलं.

जावा आधी रस्त्याने जाऊन भेटत होत्या. मग रहदारी वाढली, गुडघे कुरकुरू लागले, आणि भेट फोनवर आली. फोनवर दोघी इतक्या मोठ्याने बोलत की भिंतीवरूनही ऐकू जावं. एका दिवाळीनंतर हौसाबाईंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण डावी बाजू गेली आणि बोलणं जड झालं. फोनवर नुसता श्वास ऐकू यायला लागला. त्या दिवसापासून पितळी डबा मथुराबाईंच्या फडताळात होता.

साईनाथ वाईट मुलगा नाही. दर रविवारी तो आईला मोठ्या गाडीतून काकूकडे सोडी, खाली थांबे, आणि थोड्या वेळाने हॉर्न वाजवी. त्याचंही खरंच होतं, तिथे गाडी उभी करायला जागा नव्हती. मथुराबाई परत येत त्या धुमसत. "पावनीवानी जायचं न् पावनीवानी यायचं. तिची येणी घालायची व्हती, तर ह्याचं पों पों." डबा त्यांनी गाडीतून कधीच नेला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "गाडीतनं गेलं की ते पार्सल झालं."

एका सकाळी त्या कुणाला न सांगता पायी निघाल्या. विजेच्या खोक्यापाशी फूटपाथ संपला म्हणून खाली उतरल्या, आणि उलट्या दिशेने आलेल्या एका मोटारसायकलने त्यांना घासलं. फार लागलं नाही, कोपर खरचटलं. पण घरी आल्यावर साईनाथने हात जोडून सांगितलं, "आई, आता एकटी बाहेर पडायचं नाही. कुठं जायचं ते सांग, मी सोडतो." तो काळजीपोटीच बोलला. मथुराबाई मात्र त्या दिवशी जेवल्या नाहीत. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले तर त्या फडताळासमोर बसल्या होत्या. "माझं पाय अजून चालत्यात, बाई," त्या म्हणाल्या, "मंग मला घरात कशापायी बसवलंय?" मला फार वाईट वाटलं.

गॅलरीतून त्या पट्टीकडे बघत बघतच त्यांनी ठरवलं असावं. पुढच्या रविवारी त्या मला म्हणाल्या, "साडी नेसा. माझ्यासंगं भावजींकडं चला. साक्षीला कुनीतरी पेठंतलं असावं."

बजरंगराव दारातच खुर्चीवर होते. थोरल्या वहिनीला बघून उभे राहिले. आत कॉटवर हौसाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. मथुराबाई पाणीही न पिता म्हणाल्या, "भावजी, बांध तुमचा."

बजरंगराव गडबडले. इतकी वर्षं जे ऐकायला कान टवकारून बसले होते, ते ऐकल्यावर त्यांचा चेहरा पडला. "आसं कसं, वैनी? दादा म्हनायचा त्याचा हाय. मंग त्यो त्याचाच."

"त्ये ग्येले. आता म्या सांगत्ये, तुमचा."

"त्ये ग्येल्यावर मी घ्यू व्हय? लोक काय म्हनतील? आजाबात न्हाई. त्यो दादाचा."

"तुमचा!"

"दादाचा!"

आवाज चढले. तोच बांध, तेच घराणं, फक्त भांडण उलटं झालं होतं. मी पेठेतली आहे, पुष्कळ वाद ऐकलेत, पण एकमेकांच्या गळ्यात जमीन मारण्यासाठी दोन माणसं इतकी तापलेली मी कधी पाहिली नव्हती. आणि मग कॉटवरून एक विचित्र आवाज आला. हौसाबाई हसत होत्या. अर्धा चेहराच हसत होता, पण तो पोटभर हसत होता. आजारानंतर पहिल्यांदा, असं त्यांची सून नंतर म्हणाली.

हसू ओसरल्यावर हौसाबाईंनी चांगल्या हाताची दोन बोटं चादरीवर टेकवली. मग ती बोटं त्यांनी चालवली, एकापुढे एक, कॉटच्या काठापर्यंत, मथुराबाईंच्या हातापर्यंत.

बजरंगरावांनी टोपी काढली, परत घातली. "बरं," ते म्हणाले, "मंग न्हाई तुमचा, न्हाई माजा. चालंल त्याचा."

खरी लढाई पुढे होती, ती आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये. भिंतीत माणसापुरतं छोटं फाटक पाडायचं तर सभासदांची संमती हवी. साईनाथ आधी उठला. त्याचं म्हणणं, जागा मोकळी होतेच आहे तर दुचाकींचं पार्किंग करू, सगळ्यांची सोय होईल. पुष्कळ माना हलल्या. मथुराबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "गाड्यांला समदं गाव दिलं. यवढा बोळ माणसांला ऱ्हाऊ द्या." मुलगा खाली बसला. खाली बसताना तो आईच्या कोपरावरच्या खपलीकडे बघत होता हे मी पाहिलं.

मग तिसऱ्या मजल्यावरचे अनिरुद्ध उठले. आयटीतले, सभ्य, सगळ्या गोष्टींचा धोका आधी बघणारे. "बघा, माझा पर्सनल विरोध नाही. पण सिक्युरिटीचं काय? उद्या कुणीही येईल."

"तुमी बी कुनीबीच व्हता की," मथुराबाई म्हणाल्या. "तुमी आलात तवा म्या इचारलं व्हतं का?"

अनिरुद्ध आधी लाल झाले, मग चक्क हसले आणि हात वर करून मोकळे झाले. फाटकाला कडी असावी, रात्री कुलूप लागावं, एवढ्यावर ठराव झाला. पलीकडच्या सोसायटीला त्यांच्या भिंतीत, थोडं पुढे, तसंच फाटक पाडायला बजरंगरावांनी कसं पटवलं ते मला माहीत नाही. त्यांचा आवाज मात्र आमच्याकडे ऐकू आला.

राडारोडा उचलायला पालिकेची गाडी आली, तीही मी दुसऱ्यांदा अर्ज न करता, हे मी मुद्दाम नोंदवते कारण माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. झुडपं निघाली आणि खाली दबलेली जुनी वाट दिसली, पायांनी घट्ट झालेली. साईनाथने चकचकीत फरश्यांचा नमुना आणला, आईने त्यावर ओला पाय ठेवून दाखवला आणि तो परत पाठवला. शेवटी खरखरीत दगड बसले. दोन्ही तोंडांशी काय ठेवायचं यावर मात्र मथुराबाईंनी स्वतः लक्ष घातलं. गोठ्यातली दगडी ढोण, जिच्यात म्हशी पाणी पीत, ती इतकी वर्षं जिन्याखाली पडून होती. तिला एका तोंडाशी तिरपी लावली, दुसऱ्या तोंडाशी बजरंगरावांच्या विहिरीवरचा दगड. हौसाबाईंचा वॉकर आणून तो पलीकडे जातो की नाही बघितलं. मग शेजारच्या पोराला मोटारसायकल आणायला सांगितली. ती अडकली. "बास," मथुराबाई म्हणाल्या. सायकलवाला उतरून, हाताने सायकल धरून जाऊ शकतो. त्याला त्यांची ना नाही.

बोळ उघडला त्या दिवशी नारळ फोडायची टूम निघाली होती. त्याआधीच, उजाडल्या उजाडल्या, मथुराबाई कल्हई केलेल्या पितळी डब्यात गव्हाची खीर घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. पाय उचलला आणि थांबल्या. सगळं आयुष्य ज्या बांधावर पाय ठेवला नाही, तिथे तो ठेवायला त्यांना क्षणभर जड गेलं. मी मागेच होते. मग त्यांनी पाय टेकवला आणि निघाल्या, कुणाचा हात न धरता. त्या दिवशी हौसाबाईंची वेणी घालूनच त्या परत आल्या, आणि खाली कुणी हॉर्न वाजवला नाही.

त्यानंतर त्या रोज जात. बोळातून आता शाळेची मुलं जातात, धुणंभांड्याच्या बाया जातात, पिशव्या घेऊन मीही जाते. अनिरुद्ध बस पकडायला जाताना तिथूनच जातात आणि वर्षानुवर्षांचा हक्क असल्यासारखे चालतात. हौसाबाईंना डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण घरात जागा नव्हती आणि रस्त्यावर सोय नव्हती. आता त्या बोळात वॉकर घेऊन चालायला लागल्या. आधी दारापुरतं, मग दाराच्या थोडं पुढे. डबा मात्र तिकडेच राहिला होता. मथुराबाईंनी तो मागितला नाही, आणि मी विचारलं तर माझ्यावर डाफरल्या.

मटार स्वस्त झाले होते त्या दिवसांतली गोष्ट. दुपारी मथुराबाईंनी गॅलरीतून मला हाक मारली. आवाज असा, की मी स्वयंपाक टाकून धावले. बोळात हौसाबाई येत होत्या. वॉकर पुढे, मग उजवा पाय, मग ओढत डावा. वॉकरला कापडी पिशवी अडकवली होती. बजरंगराव मागे बरेच लांब उभे होते, जवळ यायची त्यांना मनाई असावी.

मथुराबाई खाली गेल्या, पण पुढे धावल्या नाहीत. जिथे उभं राहून पूर्वी हात लांब करत, तिथेच फाटकाशी उभ्या राहिल्या आणि वाट बघत राहिल्या. हौसाबाई पोचल्या, धापा टाकत टेकल्या आणि त्यांनी मानेनेच पिशवी दाखवली. आत पितळी डबा होता. मथुराबाईंनी झाकण काढलं. डबा सोललेल्या मटारांनी भरलेला होता. काही दाणे अख्खे, पुष्कळ चेंगरलेले.

हौसाबाईंनी डावा हात वर केला. तो थरथरत होता, पण वर आला. "ह्या... हातानं," त्या म्हणाल्या. "रिकामा... कसा... आणू?"

मथुराबाई ढसाढसा रडल्या. सगळ्या सोसायटीला धाकात ठेवणारी बाई भर दुपारी फाटकात उभी राहून रडत होती आणि मीही रडत होते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मग त्यांनी पदराने तोंड पुसलं, डबा काखेत घट्ट धरला आणि माझ्याकडे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बघत काय ऱ्हाइलात, बाई? खुर्ची आणा हिला. आन् डबा आता माझ्याकडं आलाय. उद्या मला जावं लागंल."