कार्डिफचा न पाहिलेला किल्ला

कार्डिफचा किल्ला बघायचा म्हणून मी वॉटफर्डहून निघाले आणि तो किल्ला मी अजूनही पाहिलेला नाही. त्यात चूक माझीच, पण मला तिचा पश्चात्ताप वगैरे काही नाही.

लंडनजवळ वॉटफर्डला माझी ताई आणि भाऊजी राहतात. दोघंही डॉक्टर; आयुष्य इथल्या हॉस्पिटलांत गेलं. मी सांगलीहून तीन आठवड्यांसाठी आले होते. त्यांचा मुलगा निखिल अडतीस वर्षांचा, इथेच वाढलेला, रॉक बँडमध्ये ड्रम वाजवतो. लहानपणी भाऊजींनीच त्याला तबला शिकवला होता. तबला सोडून तो ड्रमकडे गेला, तेही त्यांनी एक वेळ सोसलं असतं. पण ड्रममधला सगळ्यात मोठा जो असतो, तो पायाने वाजवतात. "वाद्याला चुकून पाय लागला तर आपण नमस्कार करतो, आणि हा लाथा मारतो," असं म्हणून भाऊजींनी जो कान बंद केला तो पाच बँड होईपर्यंत उघडला नाही.

त्या रविवारी दुपारी पाचव्या बँडचा कार्डिफला शेवटचा कार्यक्रम होता. नेमकी सकाळी निखिलची गाडी बिघडली.

"बाबा, माझी व्हॅन मेला."

"मी दारापर्यंत सोडीन. आत येणार नाही," भाऊजी म्हणाले.

"मग मीही येते, मला किल्ला दाखवा," म्हणून मी घुसलेच. ताईची ड्यूटी होती. डिकीत सामान भरताना माझा बटाटेवड्यांचा डबा काही मावेना. कोपऱ्यात एक मळकट, भोकं पडलेली सतरंजी होती. ती मी गुपचूप गॅरेजमध्ये टाकली आणि डबा बसवला.

प्रवासभर छोटा ड्रम माझ्या मांडीवर होता. रीडिंग गावाची पाटी आली तसं निखिलने बोट दाखवलं. "इथे माझा सेकंड बँड. मी सोडला, मग ते फेमस झाले."

"आणि पहिला?"

"स्कूलमधला. एक्झाम्स आल्या, फिनिश."

तिसरा लग्नांत वाजवायचा. चौथ्यात गाणारे नवरा-बायको होते. त्यांचा घटस्फोट झाला. मुलांची वाटणी झाली, कुत्र्यावरून भांडण झालं, ड्रमर मात्र दोघांनाही नको होता. मी पोट धरून हसले. भाऊजींनी रेडिओवरच्या बातम्या मोठ्या केल्या.

वाटेत चहाला थांबलो. भाऊजी रांगेत असताना निखिल हळूच म्हणाला, "मावशी, सहावा बँड आता नाही मिळणार. थर्टी-एट आहे मी. आज लास्ट. बाबांनी एकदा ऐकलं असतं ना... एनीवे, इट्स फाइन."

फाइन कसलं! चेहरा उतरला होता पोराचा. मला फार वाईट वाटलं.

मोठा पूल ओलांडला की वेल्स. पाट्या दोन भाषांत, आणि पहिलाच शब्द 'क्रोएसो' (या, बसा). किल्ल्याची भिंत गाडीतून क्षणभर दिसली तेवढीच. कार्यक्रम एका पबच्या माडीवर होता. मेगन नावाच्या गायिकेने माझ्या हातात वेल्श केक (मनुका घालून तव्यावर भाजलेली जाड गोड पोळी) ठेवला आणि वडे पळवले. भाऊजी खाली गाडीत पेपर उघडून बसले. मी एक-दोन गाणी ऐकून खाली आले की आम्ही किल्ला बघायला जाणार होतो.

ड्रम मांडता मांडता निखिल ओरडला, "मावशी, माझा कार्पेट कुठेय?"

ती सतरंजी ड्रमखाली घालायची होती! गुळगुळीत लाकडी फरशीवर ती नसली तर प्रत्येक ठोक्याला मोठा ड्रम पुढे सरकतो. मी कबुली दिली. पहिल्या गाण्यात ड्रम वीतभर पुढे आला, दुसऱ्यात हातभर, आणि निखिल स्टुलासकट त्याच्या मागे. लोक हसायला लागले.

त्या माडीवर एकेक वेल्श माणूस दोघांच्या बरोबरीचा होता. कुणालाही सांगितलं असतं तर त्याने हसत ड्रम धरला असता. मी जिना उतरून गाडीपाशी गेले.

"भाऊजी, निखिलचा ड्रम पळतोय. धरायला माणूस नाही."

"आख्ख्या पबात माणूस नाही?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलं होतं. पेपरची घडी करून ते उठले.

वर आल्यावर त्यांनी आधी ड्रमला हात लावून कपाळाला लावला. मग मांडी घालून जमिनीवर बसले आणि ड्रमला पाठ टेकली. निखिल हातात काठ्या धरून बघतच राहिला. "वाजव," भाऊजी म्हणाले.

पुढची सात गाणी पोराने पायाने मारलेला ठोका न् ठोका बापाच्या पाठीत गेला. चौथ्या गाण्याला भाऊजींची बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली. मेगन गात होती, पण माडी बघत होती ती या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे. मला रडू आवरेना.

परतताना अंधार पडायच्या आत रीडिंग मागे टाकलं. माझ्या मनात आलं, कान बंद करता येतात माणसाला, पण पाठ कशी बंद करणार? आणि जे काम वीस वर्षांच्या समजावणीने झालं नाही ते एका सतरंजीने केलं, म्हणजे गॅरेजमध्ये मीच केलं, असं मी सांगलीला सगळ्यांना सांगणार आहे.

शेवटी निखिलनेच विचारलं, "बाबा, कसं वाटलं?"

भाऊजींनी आधी रेडिओ बंद केला.

"पाचव्या गाण्यात लय चढली तुझी," ते म्हणाले. "सहाव्या बँडमध्ये ते चालणार नाही."