देवाला रानात सोडून

मिरजेला सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. संध्याकाळी भरती व्हायचं होतं आणि त्याआधी सांगलीत दुपारचा सिनेमा. आधी देवाचा सिनेमा बघायचा, मगच दवाखाना, हा त्यांचा हट्ट. मी यादीत तोही घातला: रिपोर्ट, टॉवेल, थर्मास, सिनेमा. गोष्ट दोन भागांत आहे, हे मात्र बघितलं नाही.

थिएटरात सासूबाईंनी चपला काढून खुर्चीखाली सारल्या. पडद्यावर देव आले तसे मीही हात जोडले आणि लगेच चुळबुळ सुरू झाली. हाच नट परवा बनियनच्या जाहिरातीत नाचत होता. हात सोडावेत तर देवाचा अपमान, धरावेत तर बनियनवाल्याला नमस्कार. शेवटी दोन्ही हातांनी पर्स धरून बसले. सासूबाईंना असलं काही नव्हतं.

"रथ एवढा उडतोय कशाला गं?"

"आजी, हळू," मागून कोणीतरी म्हणालं.

"देवाच्या दारात कसलं हळू!"

मग राक्षसानं देवांच्या पत्नीला, माईला पळवून नेलं. देव रानात झाडांना विचारत फिरू लागले आणि पडदा काळा झाला. पुढचा भाग लवकरच, अशी अक्षरं आली, दिवे लागले. सासूबाई उठेनात.

"संपला, आई. चला."

"संपला कसा? माई कुठं हाय?"

"ती पुढच्या भागात."

"देवाला रानात सोडून पोथी मिटत्यात व्हय?"

आमच्या गावात श्रावणात देवळात पोथी लागते. वाचणाऱ्याचा घसा बसला तरी देव संकटात असताना पोथी बांधायची नाही. सुटकेच्या ओवीपर्यंत न्यायची, मगच फडक्यात गुंडाळायची. मीही हे पाळत आलेय, त्यामुळे हसून उडवता येईना.

गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "गावाकडं घे. असल्या अर्ध्यावर मी टेबलावर झोपायची न्हाई."

"आवं, खोली धरलीय. डॉक्टर पुन्हा कधी वेळ देतील?"

"मग तू मीट पोथी."

मिरजेच्या रस्त्याला लागल्यावर मी पुढची गोष्ट सांगायला सुरुवात केली. गिअर बदलत माकडं गोळा केली. देव म्हटलं की तोच नट डोळ्यांपुढं यायचा, म्हणून आणखी घाई करत होते.

"पळतीस कुठं? पुलाला दगड लागत्यात," सासूबाई म्हणाल्या.

दगड घातले. युद्ध उरकलं. दवाखान्याच्या फाटकात पोचताना राज्याभिषेकही झाला. मी हुश्श केलं.

"मधी माईला आगीतनं जायला लावलं, ते गाळलंस."

"ते अशुभ, म्हणून..."

"अशुभ हायच. पर मला उद्या त्यातनंच जायचंय. भायेर कशी आली ते सांग, मग उतरते."

मला इतका वेळ वाटत होतं, त्या पोथीसाठी अडून बसल्यात. त्या घाबरल्या होत्या.

वॉचमन शिट्टी मारत होता, "ओ ताई, गाडी पुढं घ्या!" मी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. लाकडं रचली, आग पेटवली. ज्वाळा, धूर, बघत उभी असलेली माणसं, काही म्हणता काही गाळलं नाही. आवाज मधेच फाटला. सासूबाईंनी थर्मास उघडून मला पाणी दिलं.

"आली भायेर?"

"आली. केसालाही धक्का नाही."

त्यांनी दार उघडलं आणि दुखरा पाय आधी खाली टाकला.