अक्काचा मोगरा

सभासदहो, आज सकाळी सौभाग्यवतींसह खडकीला थोरल्या बहिणीकडे, म्हणजे अक्काकडे गेलो होतो. तिचा मोगरा फुलांनी लवला आहे. माझ्या मोगऱ्यास दोन वेळा पाणी आणि उत्तम खत मिळते, तरी फूल एकही नाही.

मी कारण विचारले.

"तू लाड फार करतोस," अक्का म्हणाली. "थंडीत मी पाणी तोडते, पानं खुडून टाकते. ताण बसला की झाड कळ्या धरतं."

"अगं, झाडाला उपाशी ठेवतेस?"

"आईनं तुलाही ठेवायला हवं होतं."

सौभाग्यवती हसल्या आणि त्यांनी अक्काच्याच फुलांचा गजरा माळला. रिक्षात घरापर्यंत तो सुगंध मी सोसला.

धडा पटला आहे. मत्सर मात्र गेलेला नाही. ज्यांचा मोगरा फुलला असेल, त्यांनी कृपया येथे छायाचित्र टाकू नये.