पिराजींचा तळहात

आमच्या फौजदाराला मी औषध लावलं रविवारी सकाळी दहाला, आणि साडेदहाला तो अंगणात पाय ताठ करून पडला होता. फौजदार म्हणजे आमचा कुत्रा. नाव फौजदार, पण शेजारच्या आक्काताईंच्या मांजरीनं नुसतं वळून बघितलं तरी कॉटखाली हजर होणारा. ते साल चौऱ्याण्णव. त्याला गोचिडांनी हैराण केलं होतं, म्हणून गारगोटीच्या मेव्हण्यानं म्हशींचं गोचिडाचं औषध बाटलीत भरून दिलं आणि बजावलं, "एक टोपण, बादलीभर पाण्यात." मी पडलो शाळामास्तर, त्रैराशिक शिकवून पोट भरणारा. म्हैस मोठी म्हणून तिला बादली लागते. कुत्रं एवढंसं, त्याला बादली कशाला? टोपणभर औषध तसंच पाठीवर चोळलं. त्यानं ते चाटलं.

तोंडाला फेस आला, अंगाला झटके सुरू झाले. आक्काताई कुंपणावरून ओरडल्या, "इखावर दूध पाजा, मास्तर! दूध!" गंगावेशीच्या कट्ट्यावरून सकाळीच समोर पिळून आणलेलं म्हशीचं दूध घरात होतं. संयोगितानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पातेलं आणलं. मी फौजदाराच्या अंगावर बसलो, जबडा फाकवला आणि अर्धा लिटर दूध घशात ओतलं. थोडं नाकातून परत आलं. बाकीचं आत गेलं, याचं मला फार समाधान वाटलं.

रिक्षा करून जनावरांचा सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टर प्रीतीबाई वडणग्याला एका अडलेल्या म्हशीकडं गेल्या होत्या. दवाखान्यात एकटे पिराजी. कागदावर पट्टीबंधक, लोकांच्या तोंडी ड्रेसर. पन्नाशीला टेकलेले, खाकी शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. त्यांनी आमच्याच रिक्षावाल्याला पिटाळलं, "बाईस्नी घिऊन ये, पळ!" आणि माझ्याकडं वळले.

"काय लावलंसा?"

मी बाटली दाखवली, मेव्हण्याचं माप सांगितलं.

"मग बादली कुठं गेली?"

मी माझं त्रैराशिक सांगितलं. गणपतीच्या दिवसांत माझ्या विनोदी व्याख्यानांना मंडप भरून लोक हसतात. पिराजी हसले नाहीत. त्यांनी कुत्र्याला नळाखाली धरलं आणि साबणानं खसाखसा धुवायला सुरुवात केली. मध्येच थांबले. नाकपुडीला पांढरा बुडबुडा आला होता.

"दूध कुणी पाजलं?"

"मी."

"झटक्यात असताना? तुमाला ईल का गिळाय, झटक्यात?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी फौजदाराला टेबलावर घेतलं, डोकं कडेवरून खाली सोडलं, मागचे पाय माझ्या हातात दिले आणि बरगड्यांवर थापट्या मारायला लागले. फरशीवर दूध ठिबकलं. फार नाही, चार-दोन थेंब.

अर्ध्या तासात बाई आल्या. त्यांनी शिरेतून इंजेक्शनं दिली आणि दुपारपर्यंत झटके थांबले. मला हुरूप आला. म्हटलं, "फौजदारसाहेब सस्पेंड होता होता वाचले!" पिराजी डोळे मिटून उभे होते. फौजदाराच्या पुढच्या पायामागं, बरगडीवर त्यांचा तळहात होता.

"इख उतरलं," ते म्हणाले. "छाती वाजतीया."

तो तळहात सोमवारी चार वाजेपर्यंत तिथंच होता असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. पण फार थोडी. सलाईन चालू होतं. श्वास घेताना आतून हुक्क्यासारखा आवाज यायचा. पिराजी मला म्हणाले, "बोला की त्येच्याशी. तुमचा आवाज वळखीचा हाय." आणि दोन दोन तास अखंड बोलणाऱ्या मला एक वाक्य सुचेना. मी आपला "फौजदार, ए फौजदार" एवढंच म्हणत राहिलो. त्यानं दोनदा शेपूट हलवली. ज्यानं औषध चोळलं, दूध ओतलं, त्याच्याच आवाजाला.

चार वाजता पिराजींनी हात काढला. "उचला," म्हणाले आणि नळाकडं गेले. मला वाटलं, धरू लागतील. ते हात धूत राहिले. मग मीच त्याला पोत्यात गुंडाळून खांद्यावर घेतलं.

"राग मानू नका, सर," प्रीतीबाई हळूच म्हणाल्या. "पिराजी जिवंत जनावर सोडत नाहीत आणि मेलेल्याला हात लावत नाहीत. आणि मनाला लावून घेऊ नका, विषच जालीम होतं."

हात न लावण्याचं कारण पुढं पिराजींच्याच तोंडून ऐकलं. "माझा बाप गावातली मेलेली ढोरं वढायचा. छप्पन साली बौद्ध झालो आमी, त्याच दिवशी बापानं दोर फेकला. पाटील दारात येऊन शिव्या देऊन गेला. मेलेलं आमी वढत न्हाई, मास्तर. जित्तं हाय तवर सांगा. मग मला जेवायची बी आठवण ऱ्हात न्हाई."

मी त्यांच्याकडं जात राहिलो. का, ते मला नीट सांगता येणार नाही. घरी सगळ्यांनी मला माफ केलं होतं. आक्काताई म्हणाल्या, त्याचं तेवढंच आयुष्य. मेव्हण्यानं बाटलीला दोष दिला. संयोगिता म्हणाली, तुम्ही जीव वाचवायलाच धडपडलात. पिराजी तेवढे काही बोलले नव्हते. ते चहा मागवायचे आणि शाळेची चौकशी करायचे.

फौजदारानंतर वर्षभरानं त्यांनी मला दारावरचा एक फलक लिहून मागितला. मी लेखक ना! छान खुसखुशीत आठ ओळी लिहून नेल्या. त्यांनी वाचल्या, घडी करून खिशात ठेवल्या आणि रंगाऱ्याकडून स्वतःच्या ओळी रंगवून घेतल्या : "विष खाल्लेल्या जनावराला दूध पाजू नका. छातीत जाते. मरते."

त्या फलकाखालून मी आठ वर्षं ये-जा केली. मान वर न करता.

आणि या माणसाला खोटं बोलता येत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. गडहिंग्लजचे कुणी हंबीरराव मोटारीतून अल्सेशियन घेऊन आले होते. रक्ताची हगवण लागलेली, आणि तीन दिवस घरगुती उपाय चाललेले. "वाचेल ना?" त्यांनी विचारलं. पिराजी म्हणाले, "न्हाई. परवा आणला असता तर बघितलं असतं." हंबीरराव अंगावर धावून आले. पिराजींचा तळहात बरगडीवरून हलला नाही.

दोन हजार तीन साली ते निवृत्त झाले. नारळ आणि शाल घेऊन, फलकाखालच्या बाकावर शेवटचा चहा पीत बसले होते. उद्यापासून ते इथं भेटणार नव्हते. मी आयुष्यभर बरीच लांबलचक वाक्यं बोललो. त्या दिवशी सहा शब्द जुळवायला कप रिकामा होईपर्यंत वेळ लागला.

"पिराजी, दूध पाजलं नसतं तर... फौजदार?"

त्यांनी बशी खाली ठेवली.

"वाचला असता की, मास्तर."